पाच वेळा तोडलेलं बोलणं

प्रेस ऑपरेटर किसन गावित याच्यावर अन्याय झाला तो गेल्या फाल्गुनात, एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. सातपूरच्या कारखान्यात त्याच्या हातात चार्जशीट ठेवली. इंग्रजीत. आरोप एकच: सुपरवायझर सूचना देत असताना याने त्यांना ‘इंटरप्ट’ केलं. नोकरी जायची वेळ.

मी युनियनचा प्रतिनिधी. कारखान्याच्या आतल्या चौकशीत कामगाराच्या शेजारी बसतो.

किसन म्हणाला, "भाऊ, म्हंजे काय केलं मी?"

"साहेब बोलत होते, तू मधे बोललास."

"ते तर सगळेच करत्यात माझ्यासंगं."

याचा अर्थ मला चौकशीत कळला. किसन पेठ गावाच्या पलीकडच्या पाड्यावरचा. तिथे माणूस दोन शब्द बोलतो, डोंगराकडे बघत राहतो, मग पुढचे दोन. त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली, की बोलणं संपलं. तोवर कोणी मधे पडत नाही.

दुपार पेंगत होती. पंखा फिरत होता. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर उन्हात पाण्यातल्यासारखा हलत होता. समोर चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून आणलेले वकील. त्यांच्या एका बाजूला सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला लेखनिक जोशी. बोललेलं सगळं ते हाताने लिहीत. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची सही लागते.

"साहेब मशीनजवळ उभे व्हते..." किसन थांबला.

"म्हणजे कबूल. पुढे," वकिलांनी तोडलं.

"नवा माणूस व्हता..."

"त्याचा इथे संबंध नाही."

पाचव्या वेळी मी म्हणालो, "साहेब, बोलणं तोडलं, असं लिहा."

"असं लिहायची पद्धत नाही."

"किसनने एकदा तोडलं त्याची चार्जशीट होते. तुम्ही तोडलेलं पानावरही येत नाही? मी सही करणार नाही."

जोशी मान वर न करता म्हणाले, "पाच वेळा, साहेब. मी दर वेळी टिंबं दिलीत."

वकीलसाहेब टिंबांकडे बघत राहिले. उद्या हे पान लेबर कोर्टात गेलं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बोल गावित. कोणी मधे येणार नाही."

मग इतका वेळ गेला, की मलाच डुलकी लागते की काय असं वाटलं. पंख्याच्या आवाजात किसन हळूहळू, लांबून चालत आल्यासारखा बोलला.

"प्रेसचं गार्ड वर बांधलेलं... साहेब नव्या माणसाला शिकवत व्हते... त्याचा हात आत. साहेबांचा पाय पॅडलवर... मी म्हणलं, थांबा."

गार्ड म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी; पॅडल दाबलं, की प्रेस खाली येतो.

सुपरवायझर टेबलाकडे बघत होते.

"झालं?" वकिलांनी विचारलं.

किसनने खिशातून तंबाखूची चंची काढली. झालं होतं.

आठवड्याने चार्जशीट मागे घेतली. माफी कोणी मागितली नाही. किसन कामावर आहे, गार्ड खाली आहे. इंटरप्ट हे क्रियापद मी आता एवढंच शिकलो: वरचा करतो तेव्हा ते कामकाज, खालचा करतो तेव्हा गुन्हा.

तुमच्यापुढे असं पान येईल. सहीआधी विचारा, माझं बोलणं कुठे कुठे तोडलं ते यात आहे का? नसेल, तर सही करू नका.