पंगत ओढ्यापल्याड

कावळा लगेच शिवला, आणि तिथंच बनाबाईचं डोकं फिरलं.

रखमाजीचा दहावा होता. पुतण्यानं, ज्ञानूनं, ओढ्याकाठच्या खडकावर भाताचा पिंड ठेवून पाऊल मागं घेतलं न घेतलं, तोच जांभळीवरून कावळा उतरला, चोच मारून उडालासुद्धा. सगळ्या वाडीनं हुश्श केलं.

"सुटला गं बाई," म्हातारी सखूबाई म्हणाली.

"सुटनारच," तिचा लेक सावळाराम म्हणाला. वाडीत त्याचाच शब्द चाले, आणि शब्दांची त्याच्याकडं कधीच टंचाई नव्हती. "देवमानूस! घराचं केलं, गावाचं केलं. कसली म्हून इच्छा मागं राहिली न्हाई."

बनाबाई आपल्या रिकाम्या मनगटांकडं बघत बायकांत बसली होती. इच्छा राहिली न्हाई? मेल्या कावळ्या, तुला भूक लागली होती, दुसरं काय!

लग्नानंतरची पहिली पंचमी तिला लख्ख आठवत होती. तोरण्याकडून येणारा हा ओढा कमरेवर चढलेला, आणि माहेर पल्याडच्या अंगाला. ती काठावर रडवेली उभी. रखमाजीनं धोतर खोचलं, म्हणाला, "बस पाठीवर."

काठावरून सावळारामच ओरडला होता, "रखमाजी, बायकूचा बैल झालास की रं!"

"व्हय की! बैलाला दोन वक्ताला वैरन तरी मिळती. तुला काय मिळतंय?"

ती पाठीवर इतकी हसली की दोघं वाहूनच जायची. पण परतताना त्याचं हसू मावळलं होतं. "तुला म्या आनली. सावळ्याच्या आईला कोन आननार? एखादी बाई अडली तर सुईन कशी आनायची?"

"भोरच्या दरबारात अर्ज देऊ," काठावर भेटलेल्या सावळारामनं तेव्हा सुचवलं होतं.

"अर्जावर पाय ठिवून वडा वलांडता येतो व्हय रं?"

पुढच्या वैशाखात रखमाजीनं आपल्या बांधावरचे ऐनाचे दोन वृक्ष तोडले, या काठावरून त्या काठावर टाकले, वर कारवीच्या काठ्या आणि मुरूम. वाडीचा पहिला साकव. वरचा मुरूम दर पावसाळ्यात वाहून जाई, आणि दर वैशाखात रखमाजी पारावर चढून हाक देई, "घराटी एक गडी!" तो आवाज असा, की झोपलेला माणूस फावडं शोधायला लागायचा.

घरी मात्र हाच माणूस दोघी लेकींच्या वेण्या घालायचा. भोरच्या बाजारातून बांगड्या स्वतः निवडून आणायचा. बांधावरून डोकी फोडायला निघालेल्या भावाभावांना तो आपल्या चुलीपुढं एका ताटात बसवायचा. "आधी जेवा, मग भांडा." जेवल्यावर कोण भांडतंय?

यंदा दोन्ही ऐन कुजले होते. रखमाजीनं दोन नवे तोडून ठेवले होते, ते ओढून आणायला माणसं हवी होती. आभाळात वळवाचे ढग जमायला लागलेले. रखमाजीनं हाक दिली.

"उद्या," सावळाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या साऱ्या बैलगाड्या किकवी गावच्या लग्नाला निघाल्या. "आरं, बुंदीची पंगत हाय! वंडका काय पळून जातोय?" सावळाराम गाडीतून ओरडला.

ओंडका पळाला नाही. एकटा रखमाजी तो ओढत असताना दोराचा नाडा तुटला आणि ओंडका उतारावरून घरंगळला. बनाबाई भाकरी घेऊन गेली तेव्हा रखमाजीच्या छातीवर ऐनाचा अख्खा बुंधा होता. तिनं खांदा लावला, नखं रोवली, वाडीकडं तोंड करून ओरडली. उत्तर दिलं ते कुत्र्यांनी. दिवस मावळता गाड्या परतल्या. मग सगळ्यांनी मिळून एका झटक्यात ओंडका उचलला, आणि त्या हातांना अजून बुंदीच्या तुपाचा वास होता.

तो वास आज पुन्हा तिच्या नाकात शिरला. ती उठली.

"कोन म्हनतं इच्छा राहिली न्हाई?"

"वहिनी, कावळा शिवला न्हवं—"

"कावळ्याचं काय सांगता भावजी? त्याला बी तुमच्यागत भाताशी मतलब."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

"तुमी बसा. दुक्कात हाईसा," सावळाराम समजुतीनं म्हणाला. "त्यांच्या नावानं हितं दगडी पार बांदू. वर नाव कोरू."

"तोंडानं हाका मारल्या त्या ऐकू आल्या न्हाईत, आन् दगडावरचं वाचनार? वाचता येतंय कुनाला?"

"मग काय पायजे तुमाला?"

"त्यांची फिटली आसंल. माझी राहिलीया." तिनं बोट केलं. ओंडका तिथंच पडला होता, तुटका नाडा अंगावर घेऊन. "तेराव्याला बुंदी करनार म्या. चुली ओढ्यापल्याड. ज्याला जेवायचंय त्यानं साकवावरनं यायचं. पान्यातनं चालत आला, त्याच्या पत्रावळीवर शीत पडायचं न्हाई."

"आन् गाव जेवलं न्हाई तर मानूस मागं अडकतो, वहिनी."

"अडकू द्या. तुमच्याच मानगुटीवर बसंल. आवाज ठावं हाय न्हवं? ते म्हनायचे, आधी जेवा मग भांडा. म्या त्यांच्याइतकी गुनाची न्हाई. आधी साकव."

दोन दिवस कुणी हललं नाही. तेराव्याच्या सकाळी ती लेकींना घेऊन पल्याड गेली आणि चुली पेटवल्या. अल्याड काठावर एकटा ज्ञानू ओंडक्याला नवा नाडा बांधत होता. झारा आपटताना तिचे दात आवळलेले. एवढ्यात पारावरून हाक आली, "घराटी एक गडी!" सावळारामची. फाटकी, मधेच चिरकलेली. त्या हाकेनं तिला बरं वाटलं नाही, उलट चीड आली. ही हाक रखमाजी जिता असताना कुठं गेली होती?

दुपार कलली तेव्हा दोन्ही ओंडके बसले, वर कारवी पडली, मुरूम चोपला गेला. मातीनं माखलेला सावळाराम सगळ्यांत आधी साकवावर चढला.

"थांबा," बनाबाई आडवी आली. "तुमी नंतर. आधी आईला आना."

तो साकवावरून उतरला. माघारी गेला. थोड्या वेळानं म्हाताऱ्या सखूबाईला पाठीवर घेऊन, पाय जपत जपत साकवावरून येताना दिसला. मधोमध आल्यावर म्हातारी त्याच्या कानाशी खच्चून ओरडली, "बैल झालास की रं सावळ्या!"

सगळा काठ हसला. बनाबाई हसली नाही. तिनं पत्रावळी मांडल्या. सावळारामच्या पानात तिनं बुंदी वाढली, सगळ्यांना वाढली तितकीच. राग गेला नव्हता, आणि तिला तो जाऊही द्यायचा नव्हता. पुढच्या वैशाखात पारावर चढून हाक द्यायला तिला तो लागणारच होता.