टोळीतली जागा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. एम. ए. करून विश्रामबागेतल्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागलो. नेमणुकीची ऑर्डर एका सत्राची. पुढच्या सत्राला मिळेल तेव्हा खरी. तरी गावात मला प्राध्यापक म्हणायला लागले.

बायको गावातल्या बायकांच्या टोळीतून द्राक्षबागेत कामाला जायची. छाटणीला टोळी ठरली की हंगाम संपेपर्यंत तीच. तिचा हात इतका जलद की बागवाले टोळीवालीला आधी तिचंच विचारायचे.

ऑक्टोबरात वर्गातला एक मुलगा सहज म्हणाला, "सर, मॅडम काल आमच्या बागंत काड्यांना पेस्ट लावाय आलत्या." कुणी हसलं नाही. मलाच ते दिवसभर टोचत राहिलं. घरी आलो तर ती, छाटलेल्या काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून लावतात त्या पेस्टनं लाल झालेले हात घासत बसलेली.

"उद्यापासून जायचं नाही. पोरं बोलतात."

"पोरं बोलत्यात का तुमालाच तसं वाटतंय? आन दिवाळीनंतर ऑर्डर न्हाई आली तर?"

"येणार."

तिनं टोळी सोडली. तिच्या जागी माझी थोरली वहिनी गेली.

दिवाळीनंतर ऑर्डर आली नाही. पंधरा दिवस वाट बघून मीच टोळीवालीच्या दारात गेलो.

"आवं प्राध्यापक, औषधात घड बुडवाय तुमी येताय व्हय?" ती म्हणाली. ओसरीवरच्या बायका हसल्या. मग तिनं सरळच सांगितलं, "तुमची बायकू हाताला लय चांगली. पर मदीच सोडून गेली. आता तिला घ्यायची तर तुमच्या वहिनीला काढाय लागंल. काढू? तुमीच सांगा."

घरी येऊन हे बोललो तर बायको म्हणाली, "मला इचारून गेलता का तिकडं?"

मी मुलीचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं.

"सोमवारपासनं तासगावला बेदाणा निवडाय जाणार हाय. सांगून ठेवते. इचारत न्हाई."

बेदाण्याचं काम म्हणजे दिवसभर खाली मान घालून बसायचं. बागेत तिच्या हाताला मान होता. इथं ती नवखी. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी ती आठच्या एसटीनं गेली. मुलीला शाळेत सोडायला मी निघालो. वाटेत चुलत्यांनी विचारलं, "आज कॉलेज न्हाई व्हय?"

"सुट्टी हाय," मी म्हणालो. मुलीनं माझ्याकडं बघितलं.