देवस्थळी सरांचं माप

कळा किती दुखताहेत हे डॉ. देवस्थळी बाळंतिणीला विचारायचे ते बाळ झाल्यावर. बाळ कुशीत, सासू मिठाईच्या गोष्टी करतेय, अशा वेळी हे जाऊन म्हणणार, "भालो आछो तो, मा?" ती हसून "भालो", म्हणजे बरी आहे, म्हणाली की यांनी वहीत 'दोन' लिहिलाच. दहापैकी दोन, म्हणजे औषध उत्तम लागू पडलं! मधले रकाने मग चहा पिता पिता भरून टाकायचे.

कोलकात्यातल्या आमच्या रुग्णालयात प्रसूतिवेदना कमी करणाऱ्या औषधाची पाहणी चालली होती. सर तिचे प्रमुख, मी हाताखालची डॉक्टर. दर अर्ध्या तासाने विचारायचं आणि आकडा पाचावर गेला तर पाठीतली नळी तपासून जादा डोस द्यायचा, असा नियम खुद्द सरांनीच केला होता. पण पाळायचा कुणी? त्यांचं घराणं तीन पिढ्या इथल्याच बागबाजारात. मराठी माणूस भेटला की त्यांना शहाणपणाचं भरतं यायचं. "अगं, या बायका वाट्टेल तो आकडा सांगतात. आपण चेहरा बघायचा. जी ओरडत नाही, तिला दुखत नाही." हे ज्ञान यांना कुठल्या बाळंतपणात झालं, देव जाणे.

खिदिरपूरची नसरीन पहिलटकरीण होती. बाहेर सासरे बसलेले, म्हणून तिने ओढणी दातांत गच्च धरली होती. मी आकडा विचारला तर ओढणी सोडून म्हणाली, "दस, दीदी." नळी सरकली असावी, औषध पोचतच नव्हतं. मी धावत सरांना बोलावलं. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"शांत तर आहे! चार लिही. सकाळपासून छान आकडे येताहेत, तू नसता घोळ घालू नकोस."

त्या पाहणीवर सरांनी परिषदेत निबंध वाचला, टाळ्या घेतल्या. निवृत्तीला शाल मिळाली. सत्काराला मी गेले नाही. इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

फक्त नसरीनचं कुणाला सांगत नाही. सर निघून गेल्यावर तिने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. आकडा लिहिला की औषध येतं, एवढं तिला ठाऊक होतं.

"लिख लिया, दीदी?"

मी 'चार' लिहिला होता. "हाँ," मी म्हटलं. पुढचे पाच तास ती औषधाची वाट बघत होती.