भिंतीकडचा उतार

आमच्या सासऱ्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड, जन्मापासूनचा. आयुष्यभर शिंपीकाम केलं. लोकांच्या विजारींचे दोन्ही पाय मात्र काटेकोर सारखे, असं स्वतःच सांगून हसायचे.

बाहेरच्या खोलीची जमीन उजवीकडच्या भिंतीशी जरा उंच. त्या भिंतीकडेने बाबा आत निघाले की आखूड पाय वर, लांब पाय खाली आणि चाल अगदी सरळ. येताना स्वारी पुन्हा हेलकावे खात. दुपारी सगळे लवंडले की उगाच चकरा मारायचे. मला वाटे, हे फक्त मलाच ठाऊक. माणसाचं एवढंसं सुख, त्याची दवंडी कशाला पिटायची?

त्या भिंतीवरून सासूबाईंशी माझं वाजायचं, ते वेगळंच. शिवणयंत्र, पलंग, कपाट, सगळं समोर कोंबलेलं आणि ही भिंत आपली मोकळी. कपाट इकडे आणू म्हटलं की त्यांचं एकच, नको. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. हट्टी बाई!

मग एक दिवस दोन खोल्यांमधल्या चौकटीतल्या उंचवट्याला अडखळून त्या पडल्या. मनगट सुजलं. आमच्या ह्यांनी ठरवलं, दोन्ही खोल्यांत जमिनीवर लॅमिनेटच्या लाकडी पट्ट्या घालायच्या. मिस्त्रीने पाणसळ ठेवून पाहिली. म्हणाला, भिंतीकडेही चढ आहे, सगळीकडे सिमेंटचा पातळ माल ओतून एका पातळीत आणतो. बाबा लगेच म्हणाले, आणा, हिला पुन्हा लागायला नको.

म्हणजे बाबांची सरळ चाल गेलीच की! हा माणूस स्वतःसाठी काही मागायचा नाही, ब्रसुद्धा काढायचा नाही. पण सांगू कशी? त्यांच्यादेखत त्यांच्या पायाचा विषय काढू? मी नुसती भांडी आपटली.

कामाच्या दिवशी हे ऑफिसला गेले. मिस्त्री बादलीत माल कालवायला बसणार, तेवढ्यात सासूबाई पट्टी बांधलेला हात सावरत पुढे झाल्या.

"चौकटीतला उंचवटा तेवढा काढ रे. भिंतीकडचा उतार राहू दे. तिथे हे सरळ चालतात."

बाबांनी मान खाली घातली. कान लालबुंद. हळूच म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"आपण इथे राहायला आलो त्याच आठवड्यात. नाहीतर भिंत मोकळी कशाला ठेवली असती?"

मी पदर तोंडाला लावून आत पळाले. इतकी वर्षं ही बाई माझी बोलणी खात राहिली, पण नवऱ्याचं गुपित आपल्याला ठाऊक आहे, हे तिने नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही.

मिस्त्री म्हणाला, लॅमिनेटला उतार चालतो, खड्डे-उंचवटे चालत नाहीत. त्याने चौकटीतला उंचवटा घासून सारखा केला, बारीकसारीक खळगे भरले आणि माल सुकल्यावर पट्ट्या बसवल्या. बाबा भिंतीकडेने सरळ आत गेले. परत येताना सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघं हेलकावे खात बाहेर आली.

संध्याकाळी हे नव्या जमिनीवर खुशीत फिरले आणि म्हणाले, आता तरी तुझं कपाट या भिंतीला लावू या.

"माझ्या डोक्यावर ठेवा," मी म्हटलं, "पण तिथे नाही."