तांबड्या रश्श्याची वाटी

शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा मी सगळा दोष तांबड्या रश्श्यावर टाकला. कोल्हापुरात राहून रस्सा सोडला आणि उष्णता उतरावी म्हणून रोज दूध-कट्ट्यावर जाऊन समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पीत राहिलो. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली. धाकटा भाऊ रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "साधी मूळव्याध हाय."

पुढच्या रविवारी बायकोनं न मागता रश्श्याची वाटी पुढं ठेवली, वर लाल तेलाचा कटही सोडला. तिथंच मला कळलं.

"मूळव्याध न्हाय न्हवं?"

"दादा, जेव की आधी," भाऊ खाली बघत म्हणाला.

आतड्याचा कॅन्सर होता. घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी समजावलं, की पेशींना 'वाढा' असा निरोप देणारे रेणू असतात. काम झालं की निरोप थांबतो. माझ्या पेशींच्या आतलं बटणच चालू राहून अडकलं होतं. म्हणून बाहेरचा निरोप अडवणारं इंजेक्शन माझ्या उपयोगाचं नव्हतं, नुसती केमोच घ्यायची होती.

इतकी वर्षं मटण खाऊ घातलेलं आतडं असं उलटलं, त्याचं एक वेळ सोडा. रिक्षात मी बायकोला म्हणालो, "पोटातल्या पेशी कुणी न दिलेला निरोप ऐकतायत, आणि घरात आलेला निरोप तू मलाच दिला न्हाईस."

"दिला असता तर जेवला असता?"

त्या रविवारी सगळं कळल्यावरही मी दुसरी वाटी मागून घेतली होती.