कीबोर्डमधली अक्षत

ताम्हणात कुंकवाने लाल झालेल्या अक्षता पाहिल्या की मला तो कीबोर्ड आठवतो. नवा कोरा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचं एक बटण दबेना. बुधवार पेठेतल्या दुकानदाराला मी फोनवर वाट्टेल ते बोललो, "अहो, खराब माल गळ्यात मारता." परत करायला खोक्यात घालताना कीबोर्ड उलटा केला, तर लाल तांदळाचा दाणा पडला. दसऱ्याला त्याची पूजा आईने केली होती. माझ्याच फोनवरून तिने त्या दुकानदाराची माफी मागितली, "चूक माझी हो, मुलाच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका." आता दसऱ्याला मी कितीही म्हटलं, तरी ती लॅपटॉपला लांबूनच नमस्कार करते. अक्षता वाहते त्याच्या रिकाम्या बॅगेवर.