पाण्यातल्या देवीची ओटी

त्या वर्षी दिवाळीपासून वैशाखापर्यंत माझ्या ट्रंकेत एका परक्या म्हातारीचा हिरवा खण पडून होता, आणि ट्रंक उघडली की माझं डोकं फिरायचं. खण माझा नव्हता, देवी माझी नव्हती, आणि ती म्हातारी तर माझी कोणीच नव्हती. सगळं सुरू झालं ते आमच्या ह्यांच्या पुस्तकापासून.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. साहेब निघून गेला होता, त्याची रद्दी मात्र पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानांत अजून मिळायची. तिथून ह्यांनी एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणलं. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतून सायकलने कसं हिंडावं, याचं. कुठल्या गावाहून निघावं, कुठे वळावं, कुठल्या पुलावर बसून डबा खावा, चार वाजता चहा कुठे मिळेल, सगळं नकाशांसकट. ह्यांनी त्याची पोथी केली. रोज जेवणानंतर एक अध्याय. तिथल्या टेकड्या म्हणे लाटांसारख्या, चढ आला कधी आणि सरला कधी ते कळतसुद्धा नाही.

"आपल्याकडे मुळशी अगदी अश्शीच आहे," हे म्हणाले.

मुळशी अशी नाही. हे मला पिरंगुटच्या घाटातच कळलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून निघालो. मी शाळेत शिकवायला सायकलने जायची, त्यामुळे पेडल मारायची भीती नव्हती. पण रस्ता म्हणजे नुसती खडी. समोरून वारा. माझ्या कॅरिअरला वळकटी, हँडलला डब्याची पिशवी. हे पुढे, पायांत लोकरीचे मोजे, कारण पुस्तकात लोकरीचे मोजे घालायला सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात! घाट चढताना मी उतरून सायकल ढकलत होते आणि हे वरून ओरडत होते, "अगं, आता उतारच आहे!" उतार आला तेव्हा ब्रेक लागेना.

पण रस्त्यापेक्षा माणसांनी जास्त छळलं. जिथे थांबू तिथे एकच प्रश्न.

"कुणाकडं निगालाय?"

"कुणाकडे नाही. असंच."

"असंच म्हंजी?"

"फिरायला."

"सायकलवर? बाईमानसाला घिऊन?"

मग आमच्याकडे असं बघायचे, जणू आम्ही काहीतरी लपवतोय. पौडच्या चहावाल्याने तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, घरी सगळं बरं हाय न्हवं?" त्यानंतर ह्यांनी एक युक्ती काढली. कोणी विचारलं की सांगायचं, देवाला निघालोय. देवाला म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही, असा ह्यांचा समज. मी तेव्हाच म्हटलं होतं, देवाच्या नावाने थापा मारू नका, अंगाशी येईल. माझं कोण ऐकतंय!

माले गावात ह्यांच्या सायकलची चेन पडली. रस्त्याकडेच्या एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. कपाळ मोकळं, नऊवारीचा पदर डोक्यावर, गुडघ्यांना फडकी बांधलेली.

"कुटं निगालाय?"

"देवाला," हे चेनशी झटापट करत म्हणाले.

"कंच्या देवाला?"

ह्यांनी तेलकट हाताने पुढच्या रस्त्याकडे दाखवलं. "मुळशीकडच्या," म्हणाले. "धरणाकडे."

म्हातारी उठली. कशीबशी, भिंत धरून. आत गेली आणि बाहेर आली ती हातात नारळ, हिरवा खण आणि मूठभर तांदळाची पुरचुंडी घेऊन. ते सगळं तिने माझ्या पिशवीत घातलं. मी नको म्हणायच्या आत.

"माज्या म्हायेरची देवी हाय तितं," ती म्हणाली. "माजं म्हायेर धरनात गेलं. माज्या हातनं ओटी चालायची न्हाई, आन् सुना जात न्हाईत. पोरं म्हनत्यात, हितल्या देवीला भर, देवी काय येगळी हाय का? म्या न्हाई म्हनलं. तू सवाष्ण हायेस, तू भर."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पान्यात सोडायची न्हाई. पान्यानं आमचं लई घेतलंय. तिच्या म्होरंच ठिवायची."

तलाव दिसला तेव्हा खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. एवढं पाणी, भोवती हिरवे डोंगर, हे तर पुस्तक उघडून उभेच राहिले. मी देऊळ शोधत होते; गाव गेलं तरी देवी काठावर आणून बसवली असेल, असं मला वाटलं होतं. तासभर शोधलं. शेवटी काठावर बकऱ्या चारणाऱ्या एका धनगराला विचारलं. त्याने काठीने पाण्याच्या मध्यावर दाखवलं.

"ती व्हय? ती आत हाय. शिमगा सरला की पानी उतरतंय, मंग वर येती. वैशाखात या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्याहून नारळ वाहून आणावा तसा मी तो माल्याहून वाहून आणला होता, प्रत्येक चढणीला तो गुडघ्यावर आपटत होता, आणि देवी पाण्याखाली! हे म्हणाले, "ठेव ना इथेच काठावर. देवी सगळीकडे एकच." म्हातारीच्या पोरांचंच बोलणं. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे पुन्हा त्या पुस्तकात शिरले.

रात्री तिथल्या धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी परतताना माल्याला थांबले आणि ओटी म्हातारीपुढे ठेवली.

"आजी, तुमची देवी पाण्यात आहे."

"मला ठावं हाय की."

"ठाऊक आहे? मग दिलीत कशाला?" माझा आवाज चढला होता. शेजारच्या घरातून बायका डोकावल्या.

म्हातारी शांत होती. "वैशाखात सगळी कामाची मानसं शेतावं असत्यात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, बांध घालायचं. कुनाला येळ न्हाई. तुमी बिनकामाची. पुन्यांदा याल." मग तिने खण परत माझ्या पिशवीत घातला. "नारळ फोडून खावा. तवा नवा घ्या. खन मातुर ह्योच."

बिनकामाची! मी दिवसाला सत्तर मुलींच्या वह्या तपासायची, संध्याकाळी सासूबाईंचं पथ्यपाणी बघायची, आणि ही बाई मला बिनकामाची म्हणते. पौडपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ह्यांना वाटलं, मी दमले आहे.

खण ट्रंकेत गेला. संक्रांतीला ट्रंक उघडली, तो वर. शिमग्याला उघडली, तो वर. एकदा मनात आलं, शाळेतल्या शिपाईणबाईंना देऊन टाकावा, त्यांच्या मुलीची चोळी होईल. हात पुढे झाला नाही. त्या म्हातारीने मला बरोबर अडकवलं होतं, याचाच मला राग होता. पाच सुना-पोरांच्या घरात तिचं एवढंसं काम कोणी करत नव्हतं आणि ते माझ्या डोक्यावर बसलं होतं.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली तशी मी ह्यांना म्हटलं, "चला." ह्यांनी पुस्तक काढलं. त्यात वैशाखाचं काही नव्हतं. तिकडे वैशाखच नसतो.

त्या उन्हाबद्दल मी लिहीत नाही. माल्याला ओट्यावर म्हातारी नव्हती, आत निजली असेल, म्हणून न थांबता पुढे गेलो. तलाव आटून खूप आत गेला होता. काठाला सायकली टाकल्या, आणि भेगाळलेल्या, पुढे पुढे मऊ होत गेलेल्या चिखलातून चालत निघालो. दगडी बांध दिसले, एका घराचं जोतं दिसलं, पायऱ्या दिसल्या. मग देऊळ. छप्पर नव्हतं. आत पोटरीपर्यंत गाळ. हे बाहेर थांबले, मोजे सांभाळत.

देवी म्हणजे कमरेएवढी शिळा. गाळाने लिंपलेली. मी पदराने पुसली, पुसतच राहिले. खाली डोळे निघतील, नाक निघेल असं वाटत होतं. काही निघालं नाही. पाण्याने सगळं गुळगुळीत केलं होतं, शेंदराचा ठिपकासुद्धा शिल्लक नव्हता. मी खण ठेवला, नारळ, तांदूळ ठेवले, आणि मला एकदम रडू आलं. कशासाठी ते माझं मलाच कळलं नाही, आणि त्याचाही राग आला.

माल्याला परत आलो तेव्हा म्हातारी ओट्यावर होती.

"भेटली?"

"भेटली."

"कशी हाय?"

हे मागून खुणावत होते, गोड बोल म्हणून. मला नाही जमलं. "गाळात आहे, आजी. नाकडोळे राहिले नाहीत. नुसता दगड आहे."

म्हातारीने माझ्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुसलीस का?"

"पदराने."

तिने माझा पदर ओढून घेतला. त्यावरचा वाळलेला गाळ नखाने खरवडून तळहातावर घेतला, नाकाशी नेला. "आमच्या वावराची माती हाय," म्हणाली. आणि सगळा कण न् कण स्वतःच्या पदराला गाठ मारून बांधला. मग माझ्या सायकलकडे बघत म्हणाली, "ह्याच्यावं मागं मानूस बसतंय का गं?"

"बसतं," मी म्हटलं. "पण चढणीला उतरावं लागतं."

"उतरंन की."

"आणि तुमचे गुडघे?"

"सायकल तूच चालवनार न्हवं?"

हे घाईघाईने पुढे आले. "अगं, डबलसीट नेणं गुन्हा आहे!"

"पुण्यात," मी म्हटलं.

मी कॅरिअरची वळकटी सोडून ह्यांच्या हातात दिली आणि सायकल धरणाच्या दिशेला वळवली. म्हातारी बसली. माझी कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली. पुन्हा तीच खडी, तोच वारा समोरून.